बायबलमधलं नाव मुळात हिब्रू आहे का, हे कसं ओळखायचं

परवा एका मैत्रिणीने विचारलं, भाच्याचं नाव डॅनियल ठेवलंय, अर्थ काय गं? बाळांच्या नावांच्या साइटवर बघू नका प्लीज, तिथे सगळ्याच नावांचा अर्थ 'तेजस्वी' नाहीतर 'शूर' असतो. थोडं डोकं लावलं तर घरीच कळतं.

आधी इंग्रजी रूप विसरा आणि मराठी बायबल उघडा, कारण तिथली रूपं मुळाच्या बरीच जवळ आहेत. जॉन म्हणजे योहान, माइकल म्हणजे मीखाएल, आणि जेम्स तर चक्क याकोब! इंग्रजीत जेकब आणि जेम्स वेगळे वाटतात, मराठीत लगेच कळतं की नाव एकच आहे.

मग नावाची टोकं बघा. शेवटी किंवा सुरुवातीला 'एल' म्हणजे देव. शेवटी 'या' किंवा सुरुवातीला 'यो', 'यहो' असेल तर बहुतेक वेळा ते परमेश्वराच्या हिब्रू नावाचं छोटं रूप. उरलं ते मधलं. दानीएलमध्ये 'दान' म्हणजे न्याय करणं (आपलं दानधर्मातलं दान नव्हे हं), म्हणून देव माझा न्यायाधीश. न-त-न ही अक्षरं म्हणजे देणं, त्यातून नाथान, योनाथान, नथनेल, आणि थोडा घासून मत्तयसुद्धा. ह-न-न म्हणजे कृपा, म्हणून हन्ना, हनन्या, योहान. एकदा ही ट्रिक जमली की वंशावळीची कंटाळवाणी पानंपण वाचावीशी वाटतात, खरंच.

पण याएल बघून फसू नका, मीपण फसले होते. शेवटी एल दिसतो म्हणून मी देव लावून मोकळी झाले, तर अर्थ निघाला रानबकरी! देव या अर्थाच्या 'एल'मध्ये आलेफ हे हिब्रू अक्षर असतं, याएलमध्ये आयिन हे दुसरंच अक्षर, आणि देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात. त्यामुळे हिब्रू स्पेलिंग बघायचंच. दबोरा मधमाशी, राहेल मेंढी, योना कबुतर, ही सगळी अशीच साधी नावं.

दुसरा घोळ म्हणजे गोष्टीत दिलेला अर्थ. १ शमुवेल १:२० मध्ये हन्ना आपल्या बाळाबद्दल म्हणते की मी याला परमेश्वराकडे मागितलं, म्हणून शमुवेल. पण मागणं म्हणजे 'शाअल', आणि ते शब्दशः बसतं शौल या नावाला, शमुवेलला नाही. २८व्या ओवीत तर हिब्रूत सरळ 'शाऊल' असाच शब्द येतो. शमुवेलमध्ये 'शेम' म्हणजे नाव आणि एल, असं बरेच अभ्यासक मानतात. मोशेचं तसंच, गोष्ट म्हणते पाण्यातून ओढून काढला म्हणून मोशे, पण नाव ठेवतेय फारोची, म्हणजे इजिप्तच्या राजाची मुलगी, आणि इजिप्तच्या भाषेत 'मोसे' म्हणजे जन्मलेला, थुटमोस या फारोच्या नावात आहे तेच. गोष्टीतला अर्थ बऱ्याचदा शब्दांचा खेळ असतो, तो एंजॉय करा, पण व्युत्पत्ती वेगळी तपासा.

नव्या करारात जास्त सांभाळून. फिलिप्प, अंद्रिया ग्रीक. थोमा अरामी (हिब्रूच्या जवळची जुनी भाषा), अर्थ जुळा. 'बर' म्हणजे अरामीत मुलगा, त्यातून बर्थलमय, बरब्बा.

खात्रीसाठी स्ट्राँगची १८९०ची शब्दसूची, म्हणजे बायबलमधल्या मूळ शब्दांची नंबर दिलेली यादी, बायबल ॲप्समध्ये फुकट मिळते. हिब्रू शब्दांना एच नंबर, ग्रीकला जी. योहानच्या जी नंबरवर क्लिक केलं की हिब्रू मुळाचा नंबर दिसतो, थोमाच्या तिथे मात्र 'कॅल्डी' लिहिलेलं असतं, ते अरामीचंच जुनं नाव.

सराव करायचा तर आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोकांची जुनी नावं घ्या. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर. 'जी' काढा, सामा म्हणजे शमुवेल. हसाजी तुम्ही शोधा, हिंट देते, मराठी बायबलमध्ये तो यहेज्केल आहे आणि शेवटी एल आहेच.