बनाना स्प्लिट करायचंय? आधी केळं पारखा

बनाना स्प्लिट म्हणजे केळ्याच्या दोन उभ्या फाकांमध्ये आइस्क्रीमचे गोळे. त्यासाठी लोक आइस्क्रीम महागातलं आणतात आणि केळं मात्र फणीला जे उरलं असेल ते कापतात. तिथेच सगळं बिघडतं. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लट्रोब गावात, औषधाच्या दुकानात काम शिकणाऱ्या डेव्हिड स्ट्रिकलरने १९०४ मध्ये हा पदार्थ पहिल्यांदा केला असं मानतात. पदार्थाच्या नावातही पहिला मान केळ्याचाच आहे.

आपल्याकडे गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रसबाळी, सालदाटी, मयड्याची अशी केळी मिळतात. खायला मला रसबाळी प्रिय, पण स्प्लिटसाठी मयड्याचंच घ्या. लांब, जाड आणि घट्ट गराचं असतं, एकात दोघांचं भागतं. साल पूर्ण पिवळी, वर तुरळक काळे ठिपके आणि देठाशी हिरवेपणा अजिबात नाही, असं बघा. थंडाव्यात जिभेला गोडी कमी जाणवते, त्यामुळे अर्धकच्चं केळं आइस्क्रीमसोबत अगदीच बेचव लागतं.

अननस आदल्या दिवशीच शिजवून ठेवा. वाटीभर बारीक फोडी, तीन चमचे साखर, मंद आचेवर दहा मिनिटं. फोडी पारदर्शक दिसू लागल्या आणि रस चमच्याला चिकटला की उतरवा. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि चव कडवट होते. शिजवलं की ती भीती राहत नाही.

काजूगराचे तुकडे कढईत कोरडेच भाजा. खमंग वास सुटला, कडा तांबूस झाल्या की लगेच ताटात काढा, गरम कढईत ते करपत राहतात.

लांबट बशी वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. मे महिन्यात हे टाळूच नका. व्हिपिंग क्रीम घट्ट फेटून फ्रिजमध्ये ठेवा. साधं २५ टक्के फॅटचं क्रीम नीट फुगत नाही.

आता केळं सोलून उभं चिरा आणि दोन्ही फाका बशीच्या कडेला लावा. मधे ओळीने व्हॅनिला, चॉकलेट, स्ट्रॉबेरीचे गोळे बसवा. व्हॅनिलावर अननस, चॉकलेटवर चॉकलेट सॉस, स्ट्रॉबेरीवर स्ट्रॉबेरीचा. वर क्रीम, काजू आणि चेरी.

केळं आधी चिरून ठेवू नका, काळं पडतं. खाणारे चमचा हातात घेऊन बसले की मगच सुरी घ्या.