नव्या कोपेपॉडचं वर्णन: पाचव्या पायाशी घाई नको

लडाखमधल्या चांगथांगच्या तळ्यांतून कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले चिमुकले कवचधारी प्राणी, आणणं हे नव्या प्रजातीच्या वर्णनातलं सोपं टोक. परवानगी, बारीक जाळी, जागेची आणि क्षारतेची नोंद, ९५ टक्के इथेनॉल, झालं. फक्त रंग जिवंतपणीच लिहून ठेवा. तिथल्या प्रखर अतिनील किरणांपासून बचावासाठी हे प्राणी अंगात कॅरोटिनॉइड (लाल-नारिंगी रंगद्रव्यं) साठवतात, म्हणून कुंकवाच्या चिमटीसारखे लाल दिसतात. इथेनॉलमध्ये ती लाली उतरते.

मग प्रौढ नर निवडा. डायाप्टोमिड (कोपेपॉडांचं एक कुळ) नराची उजवी मिशी गुडघ्यासारखी दुमडते. कोपेपॉडिड (वाढीच्या नंतरच्या टप्प्यांचं नाव) अवस्थांतली सहावी म्हणजे प्रौढ. पाचवीतलं पोर बघून नवी प्रजाती जाहीर करू नका.

आता खरी डोकेदुखी. या कुळात प्रजाती ठरते ती मुख्यतः नराच्या पाचव्या पायांवरून. उजवा मोठा, टोकाला आकडा, डावा आखूड. जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या प्राण्याचा हा पाय सुईने सोडवायचा असतो. सोडवणं जमतं हो, सगळं बिघडतं त्यानंतर. सुरुवातीला मी एकाच तळ्यातल्या तीन नरांच्या स्लाइड केल्या, तिन्ही आकडे वेगळे दिसले आणि तीन प्रजाती सापडल्या म्हणून रात्रभर झोपलो नाही. प्रजाती एकच होती. कव्हरस्लिपच्या (स्लाइडवरच्या पातळ झाकणकाचेच्या) दाबाने पाय दर वेळी वेगळा पिळला गेला होता.

‘पाय काढा, झाका, फोटो घ्या’ हा सल्ला म्हणूनच मला चीड आणतो. पाय ग्लिसरीनच्या थेंबात उघडाच ठेवा, पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी कॅमेरा ल्युसिडावर (सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर गिरवू देणारं साधन) चित्र काढा. त्यानंतरच झाका, तेही फुटक्या कव्हरस्लिपचे तुकडे चारी कोपऱ्यांना टेकू म्हणून लावून. किमान पाच-सहा नरांत तोच काटा त्याच जागी दिसला पाहिजे. एकाच नरात दिसला तर तो व्यंगही असू शकतो.

तुलना जुन्या चित्रांशी करून थांबू नका. ती चित्रंही कुणीतरी दाबलेल्या पायावरूनच काढलेली असू शकतात. १९३२च्या येल विद्यापीठाच्या मोहिमेत जीवशास्त्रज्ञ हचिन्सन यांनी लडाखच्या तळ्यांतून गोळा केलेले कोपेपॉड जर्मन तज्ज्ञ कीफर यांनी अभ्यासले. कीफर यांचा स्लाइडसंग्रह कार्ल्सरूहच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. मूळ नमुना मिळाला तर तोच पाहा. डीएनएचा पुरावा जरूर जोडा, पण नुसत्या सीओआय या जनुकातल्या फरकाच्या टक्केवारीवर प्रजाती उभी करणं मला पटत नाही.

बाकी कागदपत्रं: एक होलोटाइप (ज्यावर नाव टिकतं तो मुख्य नमुना), उरलेले पॅराटाइप (वर्णनातले बाकीचे नमुने), जवळच्या प्रजातींपासूनचा फरक स्पष्ट शब्दांत, नावाचं लिंग वंशाच्या नावाशी जुळतं का ते तपासा. शोधनिबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकची (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी आधी करा आणि तो उल्लेख निबंधातच छापा. जैवविविधता कायदा २००२ नुसार नमुना अधिकृत भांडारात जमा करावा लागतो.

आणि बाटलीतलं लेबल पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. माझ्या एका अख्ख्या हंगामाच्या बाटल्यांत निळं पाणी तेवढं उरलं होतं.