वेळ काढतोय की दम खातोय? टेनिस बघताना ओळखायचं कसं

विम्बल्डनच्या दिवसात संध्याकाळी सहाला टीव्ही लागला की आमच्या घरात हा वाद ठरलेला. समोरचा बॉल आपटतोय, टॉवेलकडे जातोय, बॉल बदलून मागतोय, आणि बेळगावातल्या शहापूरचा भाचा आलेला असला तर तो हमखास म्हणणार, "मामा, काय करूलालाय ओ हा, सर्व्ह मारायचं सोडून?" आणि लगेच निकाल पण देऊन मोकळा, चीटिंग! मला हे अजिबात पटत नाही. संथ खेळणं म्हणजे चीटिंग नव्हे. पण संथपणाच्या आडून रडीचा डाव खेळणारे असतात हे पण खरं, आणि ते ओळखता येतात. मी कसं बघतो ते सांगतो.

आधी नियम माहीत पाहिजे, नाहीतर सगळेच चोर वाटतात. दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद. कोर्टच्या कडेला उलटं पळणारं घड्याळ असतं ना, ते ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांच्या, मेन ड्रॉमध्ये (पात्रता फेरी सोडून मुख्य स्पर्धेत) पहिल्यांदा आलं २०१८ च्या यूएस ओपनला. त्यातली मेख अशी ठेवली की पॉइंट संपला म्हणून घड्याळ पळत नाही, अंपायरनं स्कोअर पुकारला की पळतं. म्हणजे ३० फटक्यांची रॅली झाली, पब्लिक उभं राहून ओरडतंय, अंपायर जरा थांबला, तर प्लेअरला तेवढा दम जास्त मिळतो. हे मला योग्यच वाटतं. आणि शून्य यायच्या आत बॉल मारून झालेला पाहिजे असं नाही, सर्व्हची ॲक्शन सुरू झालेली पाहिजे. नुसता बॉल आपटत राहणं म्हणजे ॲक्शन नव्हे.

आता मोबाईलचं स्टॉपवॉच काढा, एक कागद घ्या. बॉल मेला की चालू, सर्व्हला हात वर गेला की बंद. कागदावर तीनच गोष्टी, स्कोअर काय होता, किती सेकंद लागले, आधीची रॅली लांब होती की आखूड. दोन-तीन गेम असं लिहिलं की माणूस कळायला लागतो. नदाल घ्या, चड्डी ओढणार, खांद्यावरचा शर्ट चिमटीत धरणार, नाक, कान, केस कानामागं, मग बॉल. बघणाऱ्याला वैताग यायचा, पण ४०-० अशी आरामाची आघाडी असो की ब्रेक पॉइंट, म्हणजे सर्व्ह करणाऱ्याचा गेम जायची वेळ, ते सगळं त्याच क्रमानं व्हायचं. वेळेच्या वॉर्निंग त्याला पण मिळाल्याच, आणि त्या मिळायलाच पाहिजे होत्या, मर्यादा ती मर्यादा, पण त्याची नियत मला कधी खोटी वाटली नाही कारण समोरच्याला आधीपासून माहीत असायचं की हा एवढा वेळ घेणार.

खरी खोट कुठं दिसते सांगू? ज्याच्या कागदावर ४०-१५ ला १४ सेकंद आहेत, आणि ब्रेक पॉइंटला, ते पण आधीची रॅली दोन फटक्यांची असताना, एकदम ३५ आहेत. रॅली दोन फटक्यांची म्हणजे दम गेलेला नाही ओ, मग हा वेळ कशाला? समोरच्याचं डोकं गरम व्हावं म्हणून. लांब रॅलीनंतर लागलेले ३० सेकंद मी माफ करतो, आखूड रॅलीनंतरचे नाही करत.

दुसरं म्हणजे रिसीव्हरकडे, म्हणजे सर्व्ह परतवणाऱ्याकडे, बघा. टीव्हीचा कॅमेरा सर्व्हरवर असतो म्हणून आपलं लक्षच जात नाही. नियम असा आहे की रिसीव्हरनं सर्व्हरच्या वाजवी गतीनं खेळायचं. सर्व्हर लाइनवर येऊन उभा आणि हा पाठ करून टॉवेलकडे चाललाय, हात वर करतोय, रॅकेटच्या तारा सरळ करतोय, हे मला सर्व्हरच्या संथपणापेक्षा वाईट वाटतं, कारण इथं दुसऱ्याची लय मुद्दाम तोडायची असते. उलट बाजू पण आहे, किर्गिओससारखा भराभर सर्व्ह करणारा असला तरी रिसीव्हर तयार नसताना सर्व्ह मारता येत नाही. वाजवी या शब्दात दोघांची सोय आहे.

शिक्षा पण बघून ठेवा. पहिल्यांदा वॉर्निंग, त्यानंतर सर्व्हर असेल तर दोन सर्व्हपैकी पहिली गेली, रिसीव्हर असेल तर पॉइंट गेला. एटीपीनं, म्हणजे पुरुष टेनिसच्या संघटनेनं, सर्व्हरचं हे २०१३ ला बदललं, त्याच्या आधी वॉर्निंगनंतर थेट पॉइंटच जायचा. आणि गंमत अशी की शिक्षा एवढी मोठी म्हणून अंपायर ती द्यायलाच कचरायचे. २०१२ ची ऑस्ट्रेलियन ओपन फायनल आठवा, जोकोविच आणि नदाल, ५ तास ५३ मिनिटं. तेव्हा ग्रँड स्लॅमला मर्यादा २० सेकंदांची होती आणि दोघं पण सर्रास तिच्या पुढं जात होते. मॅच म्हणून मला ती फार प्रिय आहे, तरी सांगतो, जो प्लेअर २० सेकंदात उभा राहायची तयारी करून येतो त्याच्यावर अशा ढिलाईनं अन्यायच होतो. फिटनेस हा पण खेळाचाच भाग आहे, दम लवकर भरून येणं हे कमावलेलं असतं.

टॉयलेट ब्रेकचं वेगळं प्रकरण आहे, २०२१ च्या यूएस ओपनला त्सित्सिपासच्या लांबलेल्या ब्रेकवर मरे भडकला होता ते आठवत असेल, त्यानंतर एटीपीनं तिथं पण मिनिटं बांधून दिली.

आता आपल्या कोर्टवर काय करायचं, जिथं घड्याळ पण नाही आणि अंपायर पण नाही. मागच्या दिवाळीत इथंच बेळगावात डबल्सची एक मॅच खेळलो, समोरचा गडी आमच्या प्रत्येक गेम पॉइंटला बुटाची नाडी बांधायला बसायचा. मी बेसलाइनवर हातात बॉल घेऊन उभा, हाताला घाम, बॉल ओला, चार वेळा आपटला, पाच वेळा आपटला, तो उठेना. उठला तेव्हा मी डबल फॉल्ट मारला, दोन्ही सर्व्ह चुकून पॉइंट गेला. चूक माझीच, पण त्या दिवसापासून काही गोष्टी पक्क्या केल्या.

टॉसच्या आधीच बोलून घ्यायचं, "पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद, चालेल ना?" आधी बोललं तर कुणाला राग येत नाही, मॅचच्या मध्ये बोललं की भांडण. स्कोअर सर्व्हरनं मोठ्यानं सांगायचा, तिथून मनात मोजायचं. समोरचा तयार नसला तर बॉल आपटत उभं राहायचं नाही, लाइन सोडून दोन पावलं मागं यायचं, बॉल खिशात, आणि तो उभा राहिला की आपलं सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. त्यामुळं वाट बघणारा तो होतो. तिसऱ्यांदा झालं की नेटजवळ जाऊन शांतपणे सांगायचं, "ओ, नाडी एकदाच घट्ट बांधून घ्या की," आणि तरी नाही ऐकलं तर बाकावर बसलेल्या कुणाच्या तरी हातात स्टॉपवॉच द्यायचं. आम्ही हल्ली भाच्यालाच बसवतो. २० झाले, म्हणजे पाच उरले, की तो नुसता हात वर करतो, बोलत काही नाही, आणि नाड्या सुटायच्या बंद झाल्यात.