घटक चाचणी काढताना आणि तपासताना

घटक चाचणीचे काम थेट प्रश्नांपासून सुरू न करता संविधान तक्त्यापासून, म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यापासून सुरू करावे. उभ्या बाजूस शिकवलेले घटक आणि आडव्या बाजूस ज्ञान, आकलन, उपयोजन व कौशल्य ही उद्दिष्टे लिहून २० गुण त्या चौकटींत वाटले, की सारी प्रश्नपत्रिका पाठांतराकडेच झुकते आहे का, हे आधीच दिसते. उत्तरसूची आणि गुणदान योजनाही त्याच बैठकीत लिहावी. पेपर तपासायला बसल्यावर ठरवलेले गुण पहिल्या दहा मुलांना एका मापाने आणि उरलेल्यांना दुसऱ्या मापाने मिळतात.

गणितात पायऱ्यांना गुण द्यावेत. ७ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ विचारले, तर सूत्राला १, किमती घालण्याला १ आणि एककासह उत्तराला १, असे ३ गुण ठेवता येतात. बरोबर उत्तर १५४ चौसेंमी आहे. ७ × ७ = ४२ धरून १३२ चौसेंमी लिहिणाऱ्या मुलाचा शेवटचाच गुण जावा, कारण तो पाढ्यात चुकला आहे; ४४ सेंमी लिहिणाऱ्याने मात्र परिघाचे सूत्र वापरले असून त्याला क्षेत्रफळ पुन्हा शिकवावे लागेल. केवळ उत्तर पाहणारा शिक्षक दोघांनाही शून्यच देतो. पाढे तोंडी विचारताना ओळीने म्हणवून न घेता मधूनच ‘सतरा गुणिले नऊ किती?’ असे विचारावे, कारण ओळीने म्हणणारे मूल पुष्कळदा चालीच्या आधारावर पुढे सरकते.

भाषेत श्रुतलेखनातून शुद्धलेखन तपासावे. निबंधात मुद्दे, मांडणी, भाषा व शुद्धलेखन यांचे गुण वेगळे ठेवावेत, नाहीतर सुंदर हस्ताक्षरच सगळे गुण घेऊन जाते. राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला २० गुण असतात, पण प्रयोगवह्या बहुधा एकमेकांच्या पाहून भरलेल्या असतात (हे सर्वांनाच ठाऊक असते), म्हणून काचेच्या चिपेतून प्रकाशाचे अपवर्तन पाहण्याचा प्रयोग देताना प्रत्येक गटाला आपाती कोन (किरण चिपेवर पडतो तो कोन) वेगळा द्यावा. भूगोलात कोऱ्या आराखड्यावर नकाशा भरून घेताना सूचीलाही गुण असावेत. इतिहासात ‘पेशवाई १८१८ मध्ये का संपुष्टात आली?’ असे कारण विचारावे. नुसते साल रिकाम्या जागेपुरते ठीक आहे.

तपासताना आधी सर्व उत्तरपत्रिकांतील पहिला प्रश्न, मग दुसरा, असा क्रम ठेवावा आणि नावाचा भाग दुमडून घ्यावा.