पर्शियन घ्यावी की सयामी?

खेड्यात जातिवंत मांजर पाळायचं तर आधी मे महिना डोळ्यांपुढे आणा. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि नेमकी तेव्हाच लाइन जाते. पर्शियनचं नाक चपटं, केस दाट नि लांब. कूलर बंद पडला की तोंड उघडून धापा टाकते. शिवाय रोज विंचरणं, डोळ्यांचं पाणी पुसणं आलंच. अंगणात फिरून आली की पोटाखाली कुसळं अडकलेली, ती एकेक सोडवत बसा! सयामीला आठवड्यातून एकदा ब्रश पुरे. मात्र ती भारी बडबडी. सगळे दिवसभर वावरात गेले तर ओरडून घर डोक्यावर घेते. तरी माझं मत सयामीलाच. उन्हाळ्यात तिचे गडद कान-शेपूट फिके वाटले तर घाबरू नका, थंडीत तिथे पुन्हा गडद केस उगवतात.