इंग्लंडमधल्या छोट्या पॅरिशचा व्हिक्टोरियन इतिहास ठाण्यात बसून कसा शोधायचा

भाचा-पुतणी तिकडे एखाद्या खेड्यात राहायला गेलीयत आणि तुमच्या डोक्यात त्या गावाचा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इतिहास खणायचा किडा वळवळतोय, तर तिकीट काढायची गरज नाही, घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये बसूनही बरंच सापडतं.

आधी हद्द बघा. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हाताखालचा गाव-परिसर, पुढे गावकारभाराचं एककही. चर्चचा पॅरिश आणि कारभाराचा पॅरिश यांच्या हद्दी त्या काळात बऱ्याच ठिकाणी वेगळ्या झाल्या, त्यात १८३४ च्या गरिबांच्या कायद्याने पुष्कळ पॅरिश मिळून एक युनियन केली आणि त्या सगळ्यांचं वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घ्यायची जागा, एकच, म्हणजे तुमच्या गावचा म्हातारा मजूर शेजारच्या शहराच्या कागदांत निघू शकतो. हे नाही बघितलं तर पुढे नुसती डोकेफोड.

मग जनगणना. १८४१ ची नको, तिच्यात मोठ्यांची वयं सहसा ५ च्या पटीत खाली आणलेली आणि जन्मगावच नाही, फक्त याच काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, जन्मला का, हो की नाही. १८५१ ची घ्या, म्हणजे ठाण्याला रेल्वे यायच्या २ वर्षं आधीची. त्यात घरातलं नातं, वय, धंदा, जन्माचा पॅरिश, सगळं येतं. पानभर ‘अ‍ॅग लॅब’ दिसलं तर घाबरू नका, ते सगळे शेतमजूर. या नोंदी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर शोधा, अकाउंट फुकट आहे. आणि अख्खं गाव घेऊ नका हो, एकच गल्ली घ्या.

त्या गल्लीवर टाइथ मॅप ठेवा. खरी मजा इथे आहे. चर्चला पिकाचा दहावा हिस्सा द्यायच्या ऐवजी रोख रक्कम ठरवायचा कायदा १८३६ चा, त्यासाठी हे नकाशे झाले. प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि सोबतच्या यादीत मालक कोण, कसतो कोण, शेताचं नाव, क्षेत्रफळ, बऱ्याचदा जमीन नांगरटीची की कुरणाची तेही, आपला सातबाराच म्हणा ना. सगळ्या पॅरिशचा असतोच असं नाही. नसेल तर स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे तिकडच्या सरकारी मोजणी खात्याचे, २५ इंची (मैलाला सुमारे २५ इंच) नकाशे फुकट दिसतात, पण ते नंतरचे आणि त्यात माणसांची नावं नाहीत.

चर्चच्या रजिस्टरात १८३७ नंतरच्या लग्नाच्या नोंदीत दोन्ही बापांची नावं आणि धंदे मिळतात, सहीच्या जागी फुली असेल तर बहुधा लिहिता येत नव्हतं.

शाळेचं लॉगबुक, म्हणजे हेडमास्तरांची नोंदवही, मात्र सोडू नका. १८६० च्या दशकापासून सरकारी ग्रँट घेणाऱ्या शाळेच्या हेडमास्तरांना ते लिहावंच लागायचं, कापणीला पोरं गेली म्हणून वर्ग रिकामा, असल्या नोंदी त्यात हमखास. बरीच लॉगबुकं ऑनलाइन नसतात, काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसला मेल टाका, फोनच करायचा तर आपल्या दुपारी अडीचनंतर.