सोलापुरात लग्नाचं हॉटेल ठरवताना माणशी खर्च कसा काढावा

हॉटेलात शिरल्या शिरल्या "प्लेट कितीला?" असं विचारू नका. मॅनेजरला तोच प्रश्न हवा असतो. एक जण साडेसहाशे सांगतो, दुसरा नऊशे, आणि आपण घरी येऊन "पहिलं स्वस्त आहे हो" असं जाहीर करून मोकळे होतो. लग्नानंतर बिल हातात पडतं तेव्हा त्या साडेसहाशेचे सोळाशे झालेले असतात.

आमच्या नात्यात सुपारी फुटली की हॉटेलं बघायला मला पुढे करतात. होटगी रोड, विजापूर रोड, पुणे नाका, जुळे सोलापूर, सगळीकडचे हॉल आणि लॉन बघून झालेत. त्यावरून सांगते, माणशी खर्च म्हणजे प्लेटचा दर नव्हे. लग्नाच्या जागेवर झालेला सगळा खर्च भागिले प्रत्यक्ष जेवून गेलेली माणसं, हा खरा माणशी खर्च. दोन हॉटेलांची तुलना करायची तर याच आकड्यावर करायची.

बजेट, मुहूर्त, दोन्ही घरची बैठक आणि कोण किती उचलणार हे ठरलेलं आहे असं धरून पुढे जाते.

माणसं मोजा, पत्रिका नको

पत्रिकेवर "सहकुटुंब सहपरिवार" लिहिलेलं असतं. त्यावर एक माणूस येतो, सात येतात किंवा कुणीच येत नाही. म्हणून वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात नक्की येणारे: भावकी, मामा-मावश्या, समोरच्यांचं वऱ्हाड. दुसऱ्यात बहुतेक येणारे: शेजारी, ऑफिसातले, गावाकडचे. तिसऱ्यात अक्षतेपुरते येणारे. दाट तिथीला आपल्याकडे एकेका माणसाला तीन-तीन लग्नं असतात. तो तुमच्याकडे अक्षता टाकतो, पाकीट देतो आणि जेवायला जिथलं नातं जड तिथे जातो. वारही बघा. मंगळवारी ऑफिसवाला एकटा येतो, रविवारी बायको-मुलांना घेऊन येतो.

यातून तीन आकडे काढा: कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त. पुढच्या हिशोबासाठी मी २८०, ३५० आणि ४०० धरते. हॉटेलात "किती माणसं?" असं विचारलं की त्यातला सगळ्यात छोटा आकडा सांगायचा. सासरेबुवांना मोठेपणाने "पाचशे तर होतीलच" म्हणायची सवय असेल तर त्यांना त्या दिवशी घरीच ठेवा.

तारीख

संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, गर्दी उसळते. त्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिर आणि होम मैदानाच्या बाजूचा हॉल घेऊ नका.

हॉल कधी बघायचा

लग्न एप्रिल-मेमध्ये असेल तर दुपारी दोन वाजता बघा, आणि तोही दुसऱ्याचं कार्य चालू असताना. रिकामा हॉल कुठलाही एसी गार करतो. बाहेर पारा चाळिशी ओलांडलेला, आत चारशे माणसं आणि शेजारी तापलेले काउंटर, अशा वेळी तो एसी काय करतो ते बघायचं. पाण्याची सोय विचारा: बोअर आहे का, टँकर लागला तर कोणाच्या खर्चाने? हॉल वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट बघा. बाकी झुंबर आणि पडद्यांचे फोटो बघण्यात वेळ घालवू नका, फोटोत सगळेच हॉल राजवाडे दिसतात.

सगळी कोटेशनं एका मापात आणा

इथे बहुतेकांची गाडी अडते. मलाही ही गोष्ट नीट बसायला वेळ लागला, कारण प्रत्येक हॉटेल वेगळ्या भाषेत दर सांगतं. कुणी म्हणतं हॉल फुकट, फक्त प्लेटचे पैसे. कुणी हॉलचं भाडं वेगळं लावून प्लेट स्वस्त दाखवतं. कुणाचं डेकोरेशन पॅकेजमध्ये, कुणाचं बाहेरचं चालतं पण बाहेरच्या मंडपवाल्यासाठी वेगळी रॉयल्टी, म्हणजे त्याला आत येऊ देण्याचे हॉटेलला द्यायचे पैसे. ही कोटेशनं शेजारी ठेवून काहीच कळत नाही. जेवण, हॉल, डेकोरेशन, खोल्या, नाश्ता आणि प्रत्येकावरचा कर असा एकच तक्ता करून तो प्रत्येकाकडून भरून घ्यावा लागतो.

आधी त्या तक्त्यातले कर समजून घ्या. हॉटेल जागा आणि जेवण एकत्र देत असेल तर साधारण हॉटेलात त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेलेला आहे, तिथे जेवणावर १८ टक्के. नुसत्या हॉलच्या भाड्यावर १८ आणि डेकोरेशनवरही १८. खोलीचा दर ७,५०० पर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून खोलीवर ५ टक्के आहे. म्हणजे हॉलचं भाडं आणि जेवण एकाच हॉटेलचं असूनही तो दोन वेगळी बिलं देत असेल, तर भाड्यावरच्या १८ टक्क्यांचं कारण विचारायलाच हवं. "प्लस टॅक्स" एवढंच लिहिलेलं कोटेशन परत करा.

आता उदाहरण. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, दर ज्याचे त्याने विचारावेत.

पहिलं हॉटेल: प्लेट ९००, मिनिमम गॅरंटी ४०० प्लेट (माणसं कमी आली तरी एवढ्या प्लेटचे पैसे द्यायचेच), हॉल फुकट. जेवणाचे करासह ३,७८,०००. डेकोरेशन त्यांच्याच माणसाकडून घ्यायची सक्ती, दीड लाख, करासह १,७७,०००. दहा खोल्या ३,००० प्रमाणे, करासह ३१,५००. सकाळचा नाश्ता १२० माणसांना दीडशेने, करासह १८,९००. एकूण ६,०५,४००.

दुसरं हॉटेल: प्लेट ६५०, गॅरंटी ३००. साडेतीनशे माणसं जेवली तर करासह २,३८,८७५. हॉलचं वेगळं बिल सव्वा लाख, करासह १,४७,५००. डेकोरेशन बाहेरचं, ९० हजार, करासह १,०६,२००. बाहेरचा डेकोरेटर आणल्याची रॉयल्टी करासह २९,५००. जनरेटरचे १२,५००. दहा खोल्या २,५०० प्रमाणे करासह २६,२५०, पण त्यातल्या सहा दुसरीकडे, म्हणून ने-आण करायला गाडीचे ८,०००. नाश्ता तोच १८,९००. एकूण ५,८७,७२५.

साडेतीनशे माणसं जेवली तर पहिलं पडतं माणशी १,७३०, दुसरं १,६७९. प्लेटच्या दरात अडीचशेचा फरक होता, तो पन्नाशीवर आला. आता दोन्ही हॉटेलं २८० आणि ४०० या आकड्यांवर घासून बघा. चारशे आले तर पहिलं १,५१४ आणि दुसरं १,५५५. नऊशेची प्लेट स्वस्त ठरली! २८० च आले तर पहिलं २,१६२ आणि दुसरं १,९७७. म्हणून "कोणतं हॉटेल स्वस्त?" या प्रश्नाला तुमचा वहीतला आकडा कळल्याशिवाय उत्तर नाही, आणि शेजारच्या काकूंच्या मुलीच्या लग्नाचा अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही.

तक्त्यात हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी सांगते. हॉल किती तासांचा आणि ते तास कधीपासून मोजणार, मंडपवाला फुलं घेऊन आत आला तेव्हापासून की वऱ्हाड आल्यावर? पुढच्या तासाचा दर काय? पाण्याच्या बाटल्या प्लेटमध्ये धरल्यात की वेगळ्या? हळदीच्या रात्री घरच्या माणसांचं जेवण कोणत्या दराने? खोल्यांचं चेक-इन दुपारी बाराचं असतं आणि मुंबईहून वंदे भारतने येणारे पाहुणे आदल्या रात्री साडेदहानंतर स्टेशनवर उतरतात, म्हणजे त्यांच्या खोलीचे दोन दिवस लागणार. उघड्या लॉनवर स्पीकर रात्री दहाला बंद, हा नियम आहे, त्यामुळे तिथे रिसेप्शनच्या गाण्यांसाठी जास्तीचे तास घेऊन उपयोग नाही. आणि कुणी गाणी वाजवायला "म्युझिक लायसन्स"चे पैसे मागितले तर लग्नसमारंभाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे हे शांतपणे सांगा.

दर नको, गॅरंटी पाडा

घासाघीस करायची ती इथे. लोक प्लेटमागे पन्नास रुपये कमी करून घेतात आणि जिंकल्यासारखे परततात. मॅनेजरही हसत हसत देतो. का देतो ते बघा. चारशे प्लेटवर पन्नास म्हणजे वीस हजार. पण गॅरंटी ४०० ची ३५० केली तर ५० प्लेट, ९०० चा दर, म्हणजे ४५ हजार वाचतात, करासह ४७,२५०. तेवढं झालं तर साडेतीनशे माणसांवर पहिलं हॉटेल थेट १,५९५ वर येतं आणि दुसऱ्यापेक्षा स्वस्त होतं. म्हणून दर त्याचा राहू द्या. त्याला मान मिळतो, तुम्हाला पैसे.

गॅरंटी वहीतल्या छोट्या आकड्याच्या आसपास ठेवायची आणि वरच्या प्लेट त्याच दराने मिळतील हे लिहून घ्यायचं. काही ठिकाणी गॅरंटीच्या वरची प्लेट महाग लावतात, ती अट मान्य करू नका. गॅरंटीपेक्षा किती जास्त माणसांचं जेवण तयार असेल तेही विचारा. दहा टक्के म्हणाला तर ३०० वर ३३० च, मग साडेतीनशेवा पाहुणा काय खाणार? शेवटचा आकडा दोन-तीन दिवस आधी कळवायची मुभा मागा.

प्लेट कोण मोजणार

यावरून मी मांडवात भांडणं बघितली आहेत. बुफेत पाहुणा जिलेबीसाठी नवी प्लेट घेतो, एखादी आजी भात गार झाला म्हणून प्लेट बदलते, आणि संध्याकाळी वापरलेल्या प्लेट मोजल्या की साडेतीनशेच्या सव्वाचारशे होतात. एका हॉटेलने तर बँडवाल्यांच्या आणि ड्रायव्हरांच्या प्लेटही पाहुण्यांच्या दराने लावल्या होत्या.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. काउंटर सुरू व्हायच्या आधी मोठ्या प्लेट किती मांडल्या ते आपल्या माणसाने मोजायचं, नंतर जेवढ्या वाढवल्या तेवढ्या कागदावर चढवायच्या आणि दोघांनी सही करायची. गोडासाठी छोट्या वाट्या वेगळ्या ठेवायला लावायच्या, म्हणजे मोठी प्लेट दुसऱ्यांदा उचलली जात नाही. या कामाला नवऱ्या मुलीचा भाऊ नको, तो फोटोत अडकतो. हिशोबाला पक्का आणि फोटोत नसला तरी चालेल असा एखादा चुलत मेहुणा बसवा. लहान मुलं कोणत्या वयापर्यंत फुकट, कोणत्या वयापर्यंत अर्धी प्लेट, आणि फोटोग्राफर, बँड, ड्रायव्हर, मेंदीवाल्या यांच्यासाठी स्टाफ प्लेटचा दर किती, हे आधीच लिहा.

माझं विचाराल तर पंगत बरी. पानं मोजली की संपलं. पण हॉटेलवाल्यांकडे वाढपी नसतात, त्यामुळे फार कमी ठिकाणी मिळते.

गॅरंटीचे पैसे भरून उरलेलं जेवण आपलं आहे, ते डब्यात भरून मिळेल हेही ठरवा.

चव

दुसऱ्याच्या कार्याच्या दिवशी जेवून बघा, खास तुमच्यासाठी केलेल्या चार वाट्यांवर जाऊ नका. पनीर सगळ्यांना जमतं, त्यामुळे गव्हाची हुग्गी (खीर) आणि आमटी चाखा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मेनूत फुकट धरायला सांगा, "लाइव्ह काउंटर" नावाखाली तिचे साठ रुपये लावणारे आहेत.

पैसे आणि कागद

ठरलं की सगळं हॉटेलच्या लेटरहेडवर, तारखेसह, सही-शिक्क्यासह घ्या. व्हॉट्सॲपवरचं "ओके सर" पुरत नाही. ॲडव्हान्स ऑनलाइन किंवा चेकने द्या. "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. बिल नसेल तर प्लेटच्या भांडणात तुमच्या हातात काहीच राहत नाही. शिवाय एका कार्यासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा. हे ऐकवलं की रोखीचा आग्रह मावळतो.

ॲडव्हान्स देण्याआधी शेवटची एक अट घाला. घरात सुतक पडलं आणि लग्न पुढे ढकलावं लागलं तर तीच रक्कम दुसऱ्या तारखेला वळती होईल का, आणि किती महिन्यांच्या आत? हा प्रश्न विचारायला घरात कुणाची जीभ रेटत नाही, म्हणून बाहेरच्या माणसाकडून विचारून घ्या. उत्तर मात्र कागदावर उतरवून घ्या.